वजनकाटा काय सांगतो, काय सांगत नाही

दिवाळीचा फराळ, थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या पार्ट्या आटोपल्या की जानेवारीत आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहाराची नवी घडी बसवायचा बेत ठरतो. साखर कमी, तळण बंद, भाताची अर्धीच मूद, उसळी आणि कोशिंबिरी भरपूर. बेत उत्तमच असतो, पण तिसऱ्या आठवड्यात तो बारगळतो. दोष जिभेचा असतोच असे नाही. पुष्कळदा तो बाथरूममधल्या वजनकाट्याचा असतो. "इतके पथ्य पाळूनही दोन पौंड वाढलेच, मग उपयोग काय?" मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण आकड्यांच्या गोंधळातून खरी माहिती वेगळी काढणे हे माझे रोजचे काम, म्हणून हा लेखनप्रपंच.

काटा चरबी मोजत नाही. तो हाडे, स्नायू, पाणी, पोटातले अन्न अशा सगळ्यांची बेरीज दाखवतो. त्यात सर्वांत चंचल ते पाणी. भात-पोळीतून मिळणारी साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते: यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. दर ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठते. म्हणजे भरलेले कोठार पाण्यासकट दोन किलोंचे, जवळजवळ साडेचार पौंडांचे. खाणे कमी केले की हे कोठार रिकामे होऊ लागते, आणि पहिल्याच आठवड्यात तीन-चार पौंड उतरतात. आनंद होतो, पण त्यातले बरेचसे पाणीच असते.

मग शनिवारी मंडळाची संक्रांत येते. गुळपोळी, मसालेभात, पापड, लोणचे. कोठार पुन्हा भरते, मीठ आणखी पाणी धरून ठेवते, आणि रविवारी काटा तीन पौंड जास्त दाखवतो. ही चरबी असेल का? हिशेब करून पाहू. एक पौंड चरबी म्हणजे ढोबळमानाने ३,५०० कॅलरी. तीन पौंडांना १०,५०० हव्यात, त्याही शरीराच्या रोजच्या गरजेपेक्षा जास्तीच्या. तुपासकट एका गुळपोळीच्या ३५० कॅलरी धरल्या, तरी रोजच्या जेवणावर तीस गुळपोळ्या खायला हव्यात! आपल्या मंडळात असे वीर थोडेच असतील.

पाण्याची आणखीही कारणे आहेत. नव्याने व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी साठते. बहुतेक स्त्रियांना पाळीच्या आधी एक-दोन पौंडांचा फरक जाणवतो. उसळी आणि भाज्यांतला चोथा आतड्यात पाणी धरून ठेवतो, म्हणजे चांगले खाल्ल्यानेही काटा थोडा वर जाऊ शकतो.

यावर उपाय सोपा आहे. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहापूर्वी वजन करा, पण त्या आकड्यावरून काही ठरवू नका. सात दिवसांची सरासरी काढा. समजा, पहिल्या आठवड्याचे आकडे १७२, १७३, १७१, १७२, १७४, १७३, १७१ आणि दुसऱ्याचे १७३, १७१, १७०, १७२, १७१, १७२, १७० आहेत. पहिल्या रविवारी १७१ आणि लगेच सोमवारी १७३ पाहून कोणीही खट्टू होईल. पण सरासरी १७२.३ वरून १७१.३ वर आली आहे. आठवड्यात पूर्ण एक पौंड! ज्यांना रोज आकडा पाहून बेचैनी येते, त्यांनी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी वजन करावे आणि महिन्याचा कल पाहावा.

आपल्या लोकांसाठी दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! काटा आणि उंची पाहून हा फरक कधीच कळला नसता. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्यांनाही मधुमेह गाठतो, त्यामागचे हे एक कारण. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची मर्यादा २५ ऐवजी २३ केली.

तेव्हा काट्याच्या जोडीला शिवणाच्या डब्यातली टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, ही धोक्याची रेघ मानली जाते. महिन्यातून एकदा ही नोंद ठेवा आणि वार्षिक तपासणीत ए-वन-सी व कोलेस्टेरॉल पाहा. वजन जागचे हलले नाही, पण कंबर एक इंच कमी झाली, तर पथ्य कामी येते आहे.

दोन सूचना मात्र जरूर पाळा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. खाणे कमी झाल्यावर रक्तातली साखर फार उतरू शकते. आणि हृदयविकार असलेल्यांचे वजन एक-दोन दिवसांत झपाट्याने वाढले, पाय सुजले किंवा दम लागला, तर सरासरीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

बाकीच्यांनी संक्रांतीची गुळपोळी खुशाल खावी, आणि दुसऱ्या दिवशी कोशिंबीर चिरायला घ्यावी.