पकड किती वेळ टिकते

मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली, तेव्हापासून नागपूर या आजाराशी झुंजत आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. मग ऑक्सिजन सुटला की रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. सोल्युबिलिटी टेस्ट आणि एचपीएलसी या चाचण्या असं सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढं चोख सांगतात. पण दोन मुलं ‘एसएस’ (आई-वडील दोघांकडून सिकल जनुक मिळालेली) असूनही त्यांतल्या एकालाच वारंवार का दुखतं, हे त्यातून कळत नाही. भारतीय सिकलसेल सौम्यच असतो, हा समज नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासांनी खोडला आहे. म्हणून हा प्रश्न टाळता येणार नाही. माझ्या मते, इथे प्रकाशावर चालणाऱ्या बायोसेन्सरची गरज आहे.

असा सेन्सर सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स या तत्त्वावर चालतो; त्याचं पहिलं व्यापारी यंत्र, बायाकोअर, १९९०मध्ये स्वीडनच्या उप्साला शहरातून आलं. काचेवर सुमारे पन्नास नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर असतो. त्यावर एक प्रथिन बसवतात, वरून दुसऱ्याचं द्रावण वाहू देतात आणि खालून प्रकाश टाकतात. एका ठरावीक कोनात परावर्तित प्रकाश एकदम मंदावतो. रेणू चिकटले की तो कोन सरकतो, सुटले की मागे येतो. रंग किंवा किरणोत्सारी खूण लावावी लागत नाही, आणि आलेख सेकंदासेकंदाला उमटतो. त्यामुळे जोडी किती वेगाने जुळली आणि पकड किती टिकली, दोन्ही कळतं. उदाहरणार्थ, फुटलेल्या पेशींतून सांडलेलं हिमोग्लोबिन रक्तातलं हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन इतकं घट्ट धरतं की ते जवळपास सुटतच नाही. सिकलसेलच्या रुग्णात हॅप्टोग्लोबिन संपतं, मोकळं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड गिळतं आणि रक्तवाहिन्या आकसतात. एखादं औषध ही साखळी तोडू पाहत असेल, तर ते किती घट्ट बसतं हे आधी मोजायला हवं.

यंत्र महागडं आहे आणि गडचिरोलीच्या उपकेंद्राला त्याचा उपयोग नाही, हा आक्षेप रास्तच आहे; तिथे सोल्युबिलिटी टेस्टच हवी. २०२३च्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाचं सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्टही तशाच साध्या चाचण्यांवर आखलेलं होतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्लाझ्मातली अल्ब्युमिनसारखी प्रथिनं सोन्यावर उगाच चिकटतात आणि खोटा इशारा देतात. त्यासाठी शेजारी रिकामी वाहिनी ठेवून तिचं मोजमाप वजा करतात. तरीही पेशीच्या आतल्या दाटीत होणारी सिकल हिमोग्लोबिनची जुळणी चिपवर हुबेहूब उतरत नाही. म्हणून हे यंत्र निदानाचं नाही, संशोधनाचं आहे, आणि त्याची जागा रुग्ण व नमुने जिथे आहेत त्या नागपुरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामायिक प्रयोगशाळेत आहे.