‘फुकट’ खोलीचा हिशेब

केडगावात नगर-पुणे रस्त्यावर रंग आणि हार्डवेअरचे दुकान असलेले एक भाई गेल्या महिन्यात आमच्याकडे आले होते. ठरलेला माल उचलला म्हणून एका कंपनीने डीलर योजनेत त्यांना गोव्याची तीन रात्रींची सहल दिली होती. मुक्काम कॅसिनो असलेल्या मोठ्या हॉटेलात. बरोबरचे सगळे खेळायला बसले, म्हणून हेही बसले आणि सहा हजार रुपये जिंकून आले. त्यानंतर ते स्वखर्चाने आणखी दोनदा जाऊन आले. आता त्या हॉटेलातून फोन आला की, साहेब, तुम्ही आमचे नेहमीचे पाहुणे, दोन रात्रींची खोली आणि जेवण आमच्याकडून फुकट. भाईंनी आम्हाला विचारले, “मी तर त्यांच्याकडून जिंकून आलो. तरी ते मला फुकट का बोलावतात? आणि खेळलोच नाही, नुसता राहिलो, तर काय बिघडले?”

प्रश्न सरळ आहे आणि व्यापाऱ्याला पटेल असे त्याचे उत्तरही आहे.

अशा हॉटेलात नेहमी येणाऱ्यास एक कार्ड देतात. यंत्रावर खेळायचे तर ते कार्ड यंत्रात घालतात. टेबलावर बसले तर तेथील देखरेख करणारा माणूस तुम्ही किती वाजता बसलात, सरासरी किती रुपये लावता आणि किती वाजता उठलात हे टिपून ठेवतो. तुम्ही त्या रात्री जिंकलात की हरलात याला या हिशेबात फारसे महत्त्व नसते. किती पैसे लावले आणि किती वेळ लावले, हेच पाहिले जाते.

असे का, ते रूलेटच्या चक्रावरून समजेल. चक्रावर ३७ घरे असतात. १८ लाल, १८ काळी आणि एक शून्याचे हिरवे घर. लालवर ५०० रुपये लावले आणि लाल आले तर ५०० मिळतात, नाही तर ५०० जातात. बरोबरीचा सौदा वाटतो. पण शून्य आले की लाल आणि काळे दोन्ही हरतात. त्या एका घरामुळे लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे मालकाकडे राहतात. काही चक्रांवर शून्याची दोन घरे असतात. तेथे ही कसर सव्वापाच रुपयांच्या वर जाते.

आता भाईंचा हिशेब मांडू. तासाला ४० फेऱ्या, दर फेरीला ५०० रुपये, चार तास. खिशात वीस हजारच असतील, पण तेच पैसे फिरून फिरून लावले जातात आणि एका संध्याकाळी उलाढाल होते ८० हजारांची. त्यावर मालकाची सरासरी कसर सुमारे २,१६० रुपये. दोन संध्याकाळी धरल्या तर ४,३०० च्या पुढे. एका पाहुण्याच्या बाबतीत हा अंदाज चुकेल, हजार पाहुण्यांच्या बाबतीत सहसा चुकत नाही. या अपेक्षित कमाईतला एक हिस्सा खोली, जेवण, गाडी अशा रूपाने पाहुण्याला परत देतात. भाईंनी सहा हजार जिंकले होते, पण हॉटेलच्या वहीत ते कमाईचे गिऱ्हाईक म्हणूनच लिहिले गेले होते.

शिवाय हॉटेलची खोली हा नाशवंत माल आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, संध्याकाळी उरलेल्या मेथीसारखीच. ती पाहुण्याला दिली तर खर्च काय तो चादरी, साफसफाई आणि विजेचा. म्हणूनच फुकट मुक्कामाची बोलावणी बहुधा सोमवार ते गुरुवारची असतात. शनिवारी खोल्या पैसे देऊन भरतात. भाईंनी फोनमधली तारीख पाहिली, मंगळवार-बुधवार निघाला.

कायद्याचेही थोडे. आपल्या राज्यात कॅसिनो नाहीत. १९७६ साली केलेला कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्याने मात्र १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील खेळांना वाट करून दिली. आता कराचे पाहा. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर लागतो आणि त्यातून हरलेली रक्कम किंवा प्रवासखर्च वजा करता येत नाही. कॅसिनोवरचा जीएसटी १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्ससाठी भरलेल्या रकमेवर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. म्हणजे शून्याच्या घराआधीच सरकारचे घर भरावे लागते. डीलर योजनेतली सहलही करातून सुटत नाही. तिची किंमत धंद्याचे उत्पन्न धरली जाते, आणि अशा लाभांची वर्षाची रक्कम वीस हजारांवर गेली की कंपनीने त्यावर १० टक्के कर कापायचा असतो. हा नियम जुलै २०२२ पासूनचा आहे, तरी आमच्या अनेक दुकानदारांना कापलेला कर दिसेपर्यंत तो ठाऊक नसतो.

राहिला ‘नुसते राहण्याचा’ प्रश्न. मलेशियाला सहलीला जाणारे आपल्याकडचे लोक गेंटिंग हायलँड्सला जातात. तेथील फर्स्ट वर्ल्ड हॉटेलात ७,३५१ खोल्या आहेत. कॅसिनो त्याच आवारात आहे, पण मुसलमानांना त्यात प्रवेश नाही. मुलाबाळांसह आलेली मुस्लिम कुटुंबे पैसे भरून हॉटेलात राहतात आणि डोंगरावरची हवा खाऊन परततात. पैसे मोजून घेतलेली खोली वेगळी आणि खेळाच्या बदल्यात मिळालेली खोली वेगळी, असे आम्हाला वाटते. कुरआनने मैसिर, म्हणजे जुगार, दारूच्या जोडीला बसवून मना केला आहे, हे वाचकांना सांगायला नको. बारीक मसला भाईंनी आपल्या मौलानांना विचारावा. व्यवहाराचे एवढेच सांगतो की, येऊन न खेळणाऱ्याला अशी बोलावणी पुढे फार काळ येत नाहीत.

बोलता बोलता आम्ही भाईंना विचारले की, पुढच्या दोन खेपांचा आकडा काय? रोजमेळात किलोभर खिळ्यांचीही नोंद ठेवणारा हा माणूस गप्प झाला. मग म्हणाले, लिहिलेच नाही. घाऊक व्यापाऱ्याला द्यायच्या पैशातले सुमारे पस्तीस हजार त्यात गेले होते, आणि प्रायमरचा नवा माल त्यामुळेच अडला होता. घरात हे कुणालाच माहीत नव्हते.

परवा ते पुन्हा आले. कंपनीची यंदाची योजना पुन्हा गोव्याचीच होती. सहलीऐवजी तेवढी रक्कम खात्यावर जमा द्या, असे त्यांनी कंपनीच्या माणसाला सांगितले. आधी तो नाही म्हणाला, मग साहेबांना विचारून हो म्हणाला. सहलीच्या किमतीपेक्षा रक्कम थोडी कमी बसली. त्यातून प्रायमरचे वीस डबे आले आहेत. घाऊकवाल्याची बाकी अजून फिटायची आहे.