स्थानिक बिअर आणि नगरचे पाणी

पुण्यात 2009 साली ‘डूलाली’ सुरू झाली आणि महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरी, म्हणजे उपाहारगृहाच्या आवारातच बिअर तयार करून ती तिथल्याच नळावर विकणारा छोटा कारखाना, ही कल्पना रुजली. अशा ठिकाणी काचेच्या भिंतीपलीकडे पोलादी टाक्या दिसतात, आणि पूर्ण ग्लास मागवण्यापूर्वी लहान पेल्यांतून चार-पाच प्रकारांची चव घेता येते. त्यांतली गव्हाची बिअर न गाळल्यामुळे गढूळ असते. तिला येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास मात्र केळ्याचाही नसतो नि लवंगेचाही, तो यीस्टचा असतो.

या बिअरला ‘स्थानिक’ म्हणताना थोडे थांबावे लागते. मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, बहुतांशी राजस्थान-हरियाणाकडच्या धान्याचे असते. कडवटपणा देणारी हॉप्सची फुले युरोप-अमेरिकेतून येतात. उरते पाणी, आणि बनवणाऱ्याने हौसेने घातलेली भर. पुण्याच्याच ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने मीठ घातलेली कोकमाची बिअर काढली, ती या दृष्टीने अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

पुण्याशेजारच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याकडे अशी भर घालण्याजोगे धान्य आहे: जामखेड-कर्जतची रब्बी ज्वारी आणि पारनेरची बाजरी. ज्वारीचा स्टार्च सातूपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, त्यामुळे ती आधी वेगळी शिजवून मगच माल्टमध्ये मिसळावी लागते. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान् पिढ्या होत आली आहे, तेव्हा अडचण तंत्राची नाही. अडचण असलीच तर शेतकऱ्याच्या हिशेबाची, कारण तो ज्वारी पेरतो ती दाण्याइतकीच कडब्यासाठी. बिअर काढून उरणारा चोथा जनावरे आवडीने खातात, एवढा एक दुवा या दूधधंद्याच्या जिल्ह्याला सोयीचा आहे.

नगरची मद्याशी खरी ओळख मात्र धान्यातून नव्हे, मळीतून झाली. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरला 1933 साली उभ्या राहिलेल्या साखर कारखान्याच्या कंपनीतूनच पुढे ब्रँडीचा मोठा व्यवसाय वाढला, आणि लोणीच्या सहकारी कारखान्याने 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू केल्यानंतर जिल्हाभर कारखान्यांबरोबर आसवन्याही आल्या. याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीने 1975 नंतर गावातल्या दारूभट्ट्या बंद पाडल्या, हेही त्याच काळातले; ‘बाटली आडवी’ करणाऱ्या, म्हणजे मतदानातून दारूचे दुकान बंद पाडणाऱ्या, महिला मतदारांचे बळ इथल्या राजकारण्यांना पुरते ठाऊक आहे.

आणि पाणी? भंडारदऱ्याखालून वाहणारी प्रवरा मुळेला पोटात घेऊन टोक्याजवळ गोदावरीला मिळते, पुढे ते पाणी मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात साठते, आणि जायकवाडीतूनच औरंगाबादजवळच्या वाळूज परिसरातल्या बिअरच्या कारखान्यांना पुरवठा होतो. वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्यावरून नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा वाद टंचाईच्या वर्षी हटकून पेटतो. 2016 च्या दुष्काळात तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने 60 टक्क्यांपर्यंत कमी करण्याचा आदेश दिला. तेव्हा बिअरमध्ये नगरचे काही असेलच, तर ते या कारखान्यांच्या बाटल्यांत कधीच पोचले आहे. फक्त लेबलावर त्याचा उल्लेख नसतो.