हेडलाईटचा बल्ब गेला, पण हात आत पोचत नाही? फेअरिंगच्या गाडीचा बल्ब घरच्या घरी असा बदला

उसाचा हंगाम सुरू झाला की गावाकडचे रस्ते रात्रीही जागे असतात. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली, कडेला उभी केलेली बैलगाडी, काळी म्हैस, रात्रीच्या लाईटवर शेताला पाणी द्यायला निघालेला शेतकरी... हे सगळं दुचाकीवाल्याला दिसतं ते फक्त त्याच्या हेडलाईटमुळे. आणि समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही दुचाकी दिसते ती त्याच एका दिव्यामुळे. चारचाकीचा एक दिवा गेला तर दुसरा असतो. दुचाकीचा एकच असतो. तो गेला की अंधारच.

तरीही बल्ब गेलेल्या गाड्या आठ-आठ दिवस तशाच पळताना दिसतात. साध्या गाडीचा बल्ब कुणीही बदलतो. पण ज्या गाडीला पुढून मोठं प्लास्टिकचं कव्हर, म्हणजे फेअरिंग असतं, तिथे हात आत जात नाही. तालुक्याच्या गॅरेजला जायला वेळ नसतो आणि काम पुढे ढकललं जातं. लांब फिरायला घेतलेल्या टूरिंग गाड्या आणि सेकंडहँड घेतलेल्या स्पोर्ट्स गाड्यांचं हे दुखणं नेहमीचं आहे. खरं तर काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. फक्त घाई करायची नाही आणि क्रम चुकवायचा नाही.

आधी खात्री करा, गेलंय ते बल्बच का?

अप्पर लागतो पण डिपर लागत नाही, किंवा उलट झालं असेल, तर बहुतेक वेळा बल्बच गेलेला असतो. बऱ्याच गाड्यांच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा म्हणजे फिलामेंट असतात, एक अप्परची, एक डिपरची. त्यातली एक तुटलेली असते.

दोन्ही एकदम बंद झाले असतील तर लगेच बल्ब आणायला पळू नका. आधी फ्यूज बघा. तो बहुतेक गाड्यांत बॅटरीजवळ, साईड कव्हरच्या आत असतो. मग कपलर ढिला झालाय का, अर्थिंगची वायर सुटलीय का ते बघा. जुना बल्ब काढल्यावर उजेडात धरून पाहिलं की तुटलेली तार दिसते. काच आतून काळी किंवा पांढुरकी पडली असेल तर बल्ब संपला म्हणून समजा.

बल्ब कोणता आणायचा?

दुकानात जाताना जुना बल्ब किंवा त्याच्या पत्र्यावरच्या अक्षरांचा फोटो सोबत न्या. स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाड्यांत साधारण ३५/३५ वॉटचा एचएस१ बल्ब असतो. बुलेट, क्लासिक ३५० अशा गाड्यांत ६०/५५ वॉटचा एच४ येतो. पल्सर २२० सारख्या फेअरिंगच्या गाडीत अप्परला आणि डिपरला ५५ वॉटचे वेगवेगळे बल्ब असतात, म्हणून कोणता गेलाय ते आधी ठरवा.

एचएस१ आणि एच४ दिसायला सख्ख्या भावासारखे. पण त्यांच्या बुडाच्या पत्र्याच्या कानांत थोडा फरक असतो. काहीजण कानस मारून ३५ वॉटच्या जागी ६० वॉटचा बल्ब ठोकून बसवतात. तसं करू नका. १२ व्होल्टवर ३५ वॉटचा बल्ब साधारण ३ अँपिअर करंट ओढतो, ६० वॉटचा ५ अँपिअर, आणि बाजारात मिळणारा शंभर वॉटचा ८ अँपिअरच्या वर. गाडीची वायर आणि स्विच तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. आधी कपलर वितळतो, मग वायर जळते.

एलईडी बल्बबाबतही सावध राहा. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाकला की उजेड जागेवर न पडता चहूकडे पसरतो. आपल्याला वाटतं लख्ख झालं, पण समोरच्याचे डोळे दिपतात. शिवाय काही जुन्या गाड्यांची हेडलाईट थेट इंजिनच्या कॉईलवरून एसी करंटवर चालते. त्यात साधा एलईडी लुकलुकतो किंवा लवकर मरतो. ज्या नव्या गाड्यांना कंपनीकडूनच एलईडी हेडलाईट आहे, त्यांत बहुधा सुटा बल्ब नसतोच. तिथे हे काम शोरूमचं.

सुरुवात करण्याआधी

दिवसा उजेडात, सपाट जागी गाडी डबल स्टँडला लावा. चावी काढून ठेवा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. हॅलोजन बल्ब भयंकर तापतो, बोट लागलं तर फोडच येतो.

जवळ काय ठेवायचं? गाडीचं टूल किट, प्लस स्क्रू ड्रायव्हर, १० नंबरचा पाना, लागतील त्या ॲलन की, स्वच्छ सुती फडकं आणि मोबाईल. पुढच्या चाकावर आणि मडगार्डवर एक जुनी चादर पसरा. हातातून निसटलेला स्क्रू त्यावर पडेल, फेअरिंगच्या पोटात जाऊन बसणार नाही.

आधी न खोलता प्रयत्न करा

फेअरिंग दिसली की लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलू नका. बऱ्याच गाड्यांत हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की फॉर्क आणि हेडलाईटच्या मधून हात आत जाण्यापुरती जागा होते. डावीकडून जमलं नाही तर हँडल उलटं वळवून उजवीकडून बघा. खालून, मडगार्डच्या वरूनही हात घालून बघा. घड्याळ, अंगठी, कडं आधी काढून ठेवा.

आत डोळा जात नसेल तर मोबाईल जातो. टॉर्च चालू करून व्हिडिओ सुरू करा, फोन हेडलाईटच्या मागे धरा आणि सावकाश फिरवा. मग बाहेर काढून व्हिडिओ थांबवत-थांबवत बघा. कपलर कुठे आहे, रबरी टोपी कशी बसलीय, क्लिप कोणत्या बाजूला अडकवलीय हे सगळं दिसतं. हा व्हिडिओ पुसू नका, परत बसवताना तोच कामाला येतो.

फेअरिंग खोलायचीच वेळ आली तर

हात जातच नसेल तर वरची काच म्हणजे वायझर, मीटरभोवतीचं प्लास्टिक किंवा बाजूचं पॅनेल काढावं लागतं. गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत कोणता भाग आधी काढायचा ते दिलेलं असतं. इथे तीन गोष्टी पाळा.

एक, प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो घ्या. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर आतली वायर किंवा प्लास्टिक फुटतं. कागदावर गाडीचं साधं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला की गोंधळ होत नाही.

दोन, पॅनेल निघत नसेल तर ओढाताण करू नका. कुठेतरी एखादा स्क्रू राहिलेला असतो, किंवा प्लास्टिकची खुंटी रबरात अडकलेली असते. थंडीच्या सकाळी प्लास्टिक कडक होतं आणि खुंटी पटकन मोडते. थोडं ऊन पडल्यावर काम करा.

तीन, पॅनेल सुटलं तरी लगेच दूर नेऊ नका. इंडिकेटरची वायर त्याला जोडलेली असू शकते.

बल्ब काढणं आणि बसवणं

आता क्रमाने चला.

१. बल्बच्या मागचा कपलर धरून सरळ मागे ओढा. वायरला धरून ओढू नका. घट्ट असेल तर डावी-उजवीकडे हलकेच हलवत काढा. कपलर तपकिरी पडला असेल किंवा वितळला असेल तर तोही बदला, नाहीतर नवा बल्बही टिकणार नाही.

२. मागची रबरी टोपी कडेने उचलून काढा. तिचा वरचा भाग कोणता ते लक्षात ठेवा. टोपी फाटली असेल तर नवी घ्या. तिच्यातूनच पाणी आणि धूळ आत जाते आणि रिफ्लेक्टरची चमक उडते.

३. बल्बला धरून ठेवणारी तारेची क्लिप असते. तिचं टोक आधी आत दाबा, मग बाजूला सरकवून खाचेतून सोडवा. जोर लावून वाकवू नका. क्लिपचा ताण गेला की बल्ब हलत राहतो आणि खड्ड्या-खड्ड्याला तुटतो. काही गाड्यांत क्लिपऐवजी फिरवून काढायचं होल्डर असतं.

४. जुना बल्ब सरळ मागे काढा. त्याचे कान कसे बसले होते ते पाहा, फोटो घ्या.

५. नवा बल्ब फक्त पत्र्याच्या बुडाला धरा. काचेला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा काचेला लागला की तेवढी जागा जास्त तापते आणि काच फुगून किंवा तडकून बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा करा.

६. एच४ आणि एचएस१ बल्बला तीन कान असतात, त्यातला रुंद कान बहुतेक गाड्यांत वर येतो. काढलेल्या बल्बच्या फोटोशी ताडून बघा. उलटा बल्ब जबरदस्तीने बसवू नका. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, ती उजेड वर जाण्यापासून अडवते. बल्बच उलटा बसला तर तो उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नीट बसलेला बल्ब अजिबात डुगडुगत नाही.

७. क्लिप, मग रबरी टोपी, मग कपलर. कपलर शेवटपर्यंत आत दाबा.

पॅनेल बसवण्याआधी तपासा

सगळे स्क्रू पिळल्यावर दिवा लागला नाही तर पुन्हा सगळं खोलावं लागतं. म्हणून आधी अप्पर, डिपर, इंडिकेटर, हॉर्न सगळं बघून घ्या. काही गाड्यांत इंजिन चालू केल्यावरच दिवा लागतो. ते करताना गाडी उघड्यावर असू द्या, बंद खोलीत नको. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. कुठलीही वायर ताणली किंवा दबली जात असेल तर तिची जागा बदला.

शेवटी उजेड भिंतीवर तपासा. संध्याकाळी गाडी सरळ उभी करून, स्वारी बसलेली असताना, भिंतीपासून ५ मीटर लांब ठेवा. हेडलाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या साधारण ५ ते १० सेंटिमीटर खाली असावी. वर जात असेल तर हेडलाईटच्या ॲडजस्टिंग स्क्रूने किंवा बाजूचे बोल्ट सैल करून ती खाली आणा.

बल्ब सारखा-सारखा जात असेल तर?

१ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींची हेडलाईट इंजिन सुरू होताच आपोआप लागते, बंद करायचं बटणच नाही. दिवसाही बल्ब जळत असल्याने तो पूर्वीपेक्षा लवकर बदलावा लागतो, यात बिघाड काही नाही. पण महिन्या-दोन महिन्यांत बल्ब जात असेल तर कारण दुसरं आहे.

इलेक्ट्रिशियनकडून इंजिन रेस करून बॅटरीवर मीटर लावून घ्या. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर जात असतील तर रेक्टिफायर खराब आहे. तो बदलल्याशिवाय कितीही बल्ब टाकले तरी उडणारच, आणि बॅटरीही जाईल. व्होल्टेज बरोबर असेल तर क्लिप, हेडलाईटचे बोल्ट आणि रबर ढिले आहेत का ते बघा. आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी बल्बची तार तुटते.

रात्री रस्त्यात बल्ब गेला तर

डिपर गेला असेल आणि अप्पर चालू असेल तर हळू चालवत जवळच्या गावापर्यंत जाता येईल, पण समोरून गाडी आली की वेग अगदी कमी करा, डावी कड धरा. दोन्ही गेले असतील तर गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली घ्या, इंडिकेटर चालू ठेवा आणि घरी फोन करा. एका हातात मोबाईलची टॉर्च धरून गाडी चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. त्या उजेडात चार पावलांपुढचं दिसत नाही आणि ब्रेकला एक हात कमी पडतो.

यावर सोपा उपाय म्हणजे एक जादा बल्ब, सुती फडक्यात गुंडाळून, छोट्या प्लास्टिकच्या डबीत घालून गाडीत ठेवायचा. बदललेल्या जुन्या बल्बची एक तार चांगली असेल तर तोही फेकू नका, अडीअडचणीला घरापर्यंत पोचवतो. यात्रेला, कोकणात किंवा लांबच्या पाहुण्यांकडे निघण्याआधी घरीच एकदा बल्ब काढून-बसवून बघा. दिवसा एकदा हात बसला की तेच काम रात्री रस्त्याकडेला करताना अडत नाही.