गरुडाखालचं एक अक्षर

सोन्याचं नाणं म्हटलं की तळहाताला भार जाणवावा, अशी आपली अपेक्षा असते. दक्षिण कोसलातली, म्हणजे आजच्या छत्तीसगडातली, पाचव्या-सहाव्या शतकातली नाणी ती पुरती मोडून काढतात. वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास. पत्रा इतका पातळ की बोटाच्या दाबानं वाकावा. मागच्या बाजूला मजकूर नाही की चित्र नाही. पुढचा उठाव तिथं उलटा, खोलगट दिसतो एवढंच. आजीची पुतळ्यांची माळ उलटून पाहिलेल्यांना हे काम नवं वाटणार नाही. पत्रा मऊ बैठकीवर ठेवायचा आणि पाठीमागून ठसा ठोकायचा. याच सुमाराचा गुप्त सम्राटांचा दीनार आठेक ग्रॅमचा, दोन ठशांमध्ये धरून दोन्ही अंगांनी छापलेला. त्याच्याशेजारी ही नाणी पदकासारखी दिसतात. ती व्यवहारासाठी होती की मिरवण्यासाठी, असा वाद त्यामुळेच निघाला.

रायपूर भागात खैरताल, पिताईबंद अशा ठिकाणी त्यांचे साठे निघाले. नावं तीन: महेंद्रादित्य, क्रमादित्य, प्रसन्नमात्र. साल मात्र एकाही नाण्यावर नाही.

महेंद्रादित्याचं एक नाणं जवळून पाहू. कडेला ठिपक्यांची गोल माळ. मधोमध एक आडवी रेघ. रेघेवर पंख पसरलेला, समोर तोंड करून उभा गरुड, त्याच्या दोन्ही बाजूंना शंख-चक्रासारखी वैष्णव चिन्हं. रेघेखाली राजाचं नाव, डोक्यावर चौकोनी पेटी असलेल्या अक्षरांत. आणि नावाच्याही खाली ‘उ’सारखं एकटंच अक्षर, कधी ठिपक्यांचा पुंजका. गरुड आणि नाव ठरलेलं. खालची खूण तेवढी बदलते. संग्राहकाचं घोडं इथंच अडतं. या खुणांवरून नाण्यांचे प्रकार पाडता येतात, एक खेप दुसरीपासून वेगळी काढता येते. पण प्रकारावरून साल कसं काढणार?

कधीकधी निघतंही. मंगोलियात 1946 पासून सिरिलिक लिपी अधिकृत झाली. तिथल्या श्रमपदकांवर जुनी उभी लिपी आहे की सिरिलिक, एवढ्यावरून जाणकार ढोबळ काळ सांगून मोकळा होतो. तिथं लिपी कधी बदलली हे बाहेरून पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते जमतं. आपली पेटिकाशीर्षक लिपी वाकाटकांच्या विदर्भापासून कोसलापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या चालली. अक्षरवळणावरून आधी कोण आणि नंतर कोण एवढं कळेल. इसवी सन कळणार नाही.

हा बाहेरचा आधार शोधण्यात वासुदेव विष्णु मिराशींचं आयुष्य गेलं. सिंधुदुर्गातल्या कुवळ्याचा हा माणूस नागपुरात स्थिरावला आणि वाकाटक, कलचुरी, नल यांचे ताम्रपट लावत बसला. 1939 मध्ये बस्तरमधल्या एडेंगा गावी 32 सुवर्णनाणी निघाली. घडण तीच ठोकीव पत्र्याची, पण गरुडाऐवजी बसलेला नंदी. 29 नाणी वराहराजाची, दोन अर्थपतीची, एक भवदत्ताची. मिराशींनी ती नल घराण्याची म्हणून प्रसिद्ध केली आणि अक्षरवळणावरून वराहराजाला भवदत्ताच्या आधी ठेवलं. क्रम लागला. काळाचा धागा मिळाला तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. होय, महानुभावांचंच रिद्धपूर. तिथं सापडलेला भवदत्तवर्म्याचा ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे, आणि नंदिवर्धन ही तर वाकाटकांची राजधानी. म्हणजे नलांनी ती काबीज केली होती. वाकाटकांचा काळ ठाऊक असल्यामुळे बस्तरच्या जंगलातली नाणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाशी जोडता आली.

गरुडवाल्यांचं प्रकरण जास्त किचकट आहे. प्रसन्नमात्र शरभपुरीय घराण्यातला, आणि या घराण्याचे ताम्रपट फक्त राज्यवर्ष देतात. रायपूरजवळच्या आरंगला भीमसेन नावाच्या वेगळ्याच राजाचा ताम्रपट मिळाला, त्यावर मात्र गुप्त संवत आहे. अभ्यासक हिरालाल यांनी आकडा 282 वाचला, म्हणजे इ.स. 601. मिराशींनी तो 182 ठरवला, म्हणजे इ.स. 501. शंभराच्या जुन्या चिन्हाला एक फाटा जोडला की दोनशे होतात. त्या फाट्यावर शंभर वर्षं लटकलेली. प्रसन्नमात्राचा मुलगा जयराज याचाही ताम्रपट आरंगलाच सापडलेला आहे, त्यामुळे तिथं भीमसेन कधी होता यावर शरभपुरीयांची जागा हलते. मिराशींच्या बाजूनं बोलणारा पुरावा एरण गावच्या स्तंभावर आहे. गुप्त संवत 191 मध्ये, म्हणजे इ.स. 510 मध्ये, लढाईत पडलेला गोपराज हा शरभराजाच्या मुलीचा मुलगा होता, असं तिथं कोरलेलं आहे. हा शरभराज म्हणजेच घराण्याचा मूळ पुरुष मानला, तर त्याच्या घराण्यात पुढं आलेला प्रसन्नमात्र सहाव्या शतकाच्या पहिल्या भागात बसतो.

मग महेंद्रादित्य कोण? हे बिरुद कुमारगुप्ताचं, आणि क्रमादित्य हे त्याच्या मुलाचं, स्कंदगुप्ताचं. गुप्तांच्या कोणत्याच टांकसाळीतून असा एकांगी पत्रा निघालेला नाही, म्हणून हे स्थानिक राजे असावेत, असं अनेक अभ्यासक म्हणतात. घडणीबद्दलचं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण पिताईबंदच्या 49 नाण्यांत 46 महेंद्रादित्याची आणि तीन क्रमादित्याची होती. कोसलातल्या दोघा राजांनी गुप्त बापलेकांचीच बिरुदं उचलावीत आणि ती एकाच साठ्यात सापडावीत, हा योगायोग माझ्या पचनी पडत नाही. शिवाय शरभाचा मुलगा नरेंद्र याचा कुरूदचा ताम्रपट सांगतो, की गावाचं मूळ दान परमभट्टारकांनी गंगास्नान करून दिलं होतं. त्याचं ताडपत्र जळालं म्हणून ते पुन्हा तांब्यावर लिहून दिलं. हे परमभट्टारक गुप्त सम्राटच असावेत. वरच्या सत्तेचं नाव आणि इथल्या सोनाराचा ठसा, अशी ही नाणी मी मानतो. प्रसन्नमात्रानं पुढं गरुड तसाच ठेवून फक्त नाव आपलं घातलं, हेही त्याच्याशी जुळतं.

हा सगळा तर्क उभा आहे तो साठा अखंड नोंदला गेला म्हणून. 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. पण सव्वा ग्रॅमचा पत्रा मुशीत जायला कितीसा वेळ लागतो! बाजारातून संग्रहात आलेल्या सुट्या नाण्याची किंमत त्याच्या प्रकारावर ठरते. ते कोणत्या मडक्यातून, कोणाच्या सोबत निघालं, हे विकणारा सांगत नाही. रायपूरला 1875 पासून महंत घासीदासांच्या नावाचं संग्रहालय आहे. महेंद्रादित्याचं नाणं आणि कुमारगुप्ताचा दीनार एकाच मडक्यात, नोंदीसकट तिथं पोचले, तर माझं मत टिकतं की नाही ते पाहता येईल.