आडनाव पेंटर

दुकानाची पाटी, ट्रकचा नंबर, शाळेची भिंत रंगवतो त्याला आपण पेंटर म्हणतो. भिंतीवर सरळ रेघ कशी येते माहीत आहे का? सुतळीला खडू चोळायचा. दोघांनी दोन टोकं ताणून धरायची. मधे उचलून सोडायची, की उठली रेघ! एकट्याचे ते काम नाही.

कोल्हापूरला एकाचे आडनावच पेंटर पडले. ते बाबूराव पेंटर. खरे आडनाव मिस्त्री, जन्म १८९०. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, बाग, रस्ता, सगळे कापडावर. लांबून खरे वाटायला सावली नीट द्यावी लागते.

मग दोघांना सिनेमाचे वेड लागले. पण कॅमेरा कुठला? त्यातच १९१६ साली आनंदराव वारले. तरी बाबूरावांनी दामल्यांना सोबत घेऊन १९१८ साली कॅमेरा स्वतःच बनवला.

त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली आला. दामले, फत्तेलाल तिथेच शिकले. शांताराम तेव्हा पोरगेच होते, पडेल ते काम करायचे. सिनेमाच्या जाहिरातीची चित्रे मात्र बाबूराव स्वतः काढत. मालक झाले तरी ब्रश सोडला नाही, हे मला फार आवडले.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात कंपनी काढली. ती १९३३ पासून आपल्या पुण्यात होती. बाबूरावांना वाईट वाटले असणार. ते कोल्हापुरातच चित्रे आणि पुतळे करत राहिले.