उंटवाल्याच्या हातातला कुंचला

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये वाळवंट नाही. समुद्र आहे, खारफुटी आहे आणि पावसाळ्यात कोकणासारखी अंगाला चिकटणारी हवा आहे. तरीही तिथे उंट दिसतो, तो ॲडलेडहून २,९७९ किलोमीटर धावत येणाऱ्या ‘द घान’ या रेल्वेगाडीच्या डब्यांवर. ही गाडी २००४ साली डार्विनपर्यंत आली. तिचं नाव ज्यांच्यावरून पडलं, ते ‘अफगाण’ उंटवाले प्रत्यक्षात पठाण, बलुची, पंजाबी, सिंधी असे अनेक मुलखांचे होते. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाला गेलेले पुष्कळ उंट कराची बंदरातून जहाजावर चढले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती.

त्याच सुमारास फ्रेंच चित्रकारही उंट रंगवत होते. लेऑं बेलीच्या १८६१च्या चित्रात मक्केच्या यात्रेकरूंचा तांडा थेट आपल्या अंगावर येतो. गुस्ताव गियोमेच्या १८६७च्या ‘सहारा’त समोर उंटाचा सांगाडा आहे आणि तांडा दूर क्षितिजावर, जेमतेम दिसण्याइतका. दोन्ही चित्रं पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. त्यांची ताकद मी नाकारत नाही. पण तिथला उंट कधी मिरवणुकीचा, कधी मरणाचा. ओझ्याने सोललेल्या पाठीची काळजी कोण घेतं, माजावर आलेला नर कोण आवरतं, याच्याशी त्या चित्रांना देणंघेणं नाही. बखरींतल्या सांडणीस्वारांवर वाढलेल्या आपल्याला तरी हे खटकायला हवं.

ऑस्ट्रेलियात चित्रकारालाच उंटांच्या बरोबरीने राबावं लागलं. ऑस्ट्रेलिया खंड ओलांडायला १८६०मध्ये निघालेल्या बर्क आणि विल्स मोहिमेचा जर्मन चित्रकार लुडविग बेकर याला मोहीमप्रमुख बर्कने पायी चालायला आणि हमाली करायला लावलं. तरी तो चित्रं काढत राहिला. टेरिक-टेरिकच्या माळावरून जाणाऱ्या काफिल्याचं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे. एप्रिल १८६१मध्ये तो वाटेतच वारला. याच मोहिमेतल्या दोस्त महोमेत या उंटवाल्यावर पुढे एका नर उंटाने हल्ला केला आणि त्याचा हात कायमचा निकामी झाला. उंट आणि उंटवाल्यांच्या जिव्हाळ्याच्या गोष्टींत हे सहसा सांगत नाहीत.

मला खरी मोलाची वाटते ती अल्बर्ट नामाजिराची गोष्ट. १९०२ साली मध्य ऑस्ट्रेलियातल्या हर्मन्सबर्गच्या मिशनमध्ये जन्मलेला हा अरेंटे आदिवासी उंट हाकायचा. १९३६मध्ये रेक्स बॅटरबी हा गोरा चित्रकार रंगसाहित्य घेऊन आला, तेव्हा सौदा ठरला: अल्बर्टने उंट सांभाळायचे आणि बॅटरबीने जलरंग शिकवायचे. दोघे सुमारे दोन महिने हिंडले. दोनच वर्षांत मेलबर्नला अल्बर्टचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. गंमत म्हणजे त्याच्या गाजलेल्या निसर्गचित्रांत उंट शोधूनच काढावा लागतो. तिथे असतात पांढऱ्या बुंध्याची झाडं आणि जांभळे डोंगर, त्याच्या पूर्वजांची भूमी. परदेशातून आलेलं जनावर त्याला या भूमीचं प्रतीक कशाला वाटेल? उंटाने त्याला फिरवलं, एवढं पुरे होतं.

मोटारी आल्या आणि उंटांची किंमत संपली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९२५ साली उंट मारण्याची मुभा देणारा कायदाच केला. अनेक उंटवाल्यांनी आपली जनावरं मारण्याऐवजी रानात सोडून दिली. आजचे रानउंट त्यांचेच वंशज. प्रवासाला उरली ती टोयोटा. तिलाही कलेत जागा मिळाली. ब्लॅकस्टोन या वाळवंटी वस्तीतल्या आदिवासी बायकांनी वाळवंटातल्या गवताची खऱ्या मापाची टोयोटा विणली आणि २००५मध्ये डार्विनच्या संग्रहालयात आदिवासी कलेचं सर्वोच्च पारितोषिक तिनेच पटकावलं.